शेंदरी पायवाट

"सारिका, ए सारिका! ऊठ गं बाई, तुझ्या बागेत देव निघाल्यात!"

शेवंताकाकू दारातूनच अशी काही ओरडली, की माझ्या हातातला चहा निम्मा खाली सांडला.

"कुठं निघालाय देव?"

"एक न्हाई गं, रांगच्या रांग हाय! तळ्याच्या कडंनं, पार मचाणापतोर. शेंदूर अजून ओला हाय बघ!"

शेंदूर ओला आहे म्हटल्यावर मी उरलेला चहाही खाली ठेवला. कारण तो शेंदूर नव्हता. तो ऑइलपेंट होता, आणि आदल्या दिवशी सोमवारी परगावच्या दोन मजुरांना हाताशी धरून मीच तो दगडांवर फासला होता.

तेव्हा मला वनरक्षक म्हणून लागून जेमतेम वर्ष झालं होतं. गावाला लागून असलेल्या टेकडीवर खात्यानं एक छोटं वनोद्यान केलं होतं. ऐन, पळस, बहाव्याची झाडं, मधोमध एक तळं, चार झोपाळे, दगडी बाक, टोकाला लाकडी मचाण, आणि सगळ्याला वळसा घालून येणारी पायवाट. लोकांनी यावं, फिरावं, पक्षी बघावेत, असा सगळा बेत. यायचं मात्र कुणीच नाही. सुट्टीत कॉलेजची पोरं यायची आणि हरवायची. म्हणून आमच्या देशमाने साहेबांनी हुकूम काढला, वाटेच्या कडेचे दगड रंगवा, खुणेला बरे पडतील. रंगही त्यांनीच पाठवला. लांबून दिसणारा, झगझगीत शेंदरी.

साहेब होते नागपूरकडचे आणि बारा वर्षं कार्यालयात बसलेले. पण मी तर याच भागातली! डबा उघडला तेव्हा माझ्याही डोक्यात ट्यूब पेटली नाही. गोल गोल दगड, झाडाखाली, तळ्याकाठी, शेंदरी रंग, आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार. आता यातून देव निघणार नाहीत तर काय निघेल?

मी शेवंताकाकूला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात मागून आवाज आला.

"मला ने."

आत्या. दाराची चौकट धरून उभी होती.

आत्या म्हणजे माझी सासू. वडिलांची सख्खी बहीण, नाव इंदुमती. लहानपणापासून मी तिला अगंतुगं करत आलेली, ते लग्नानंतरही सुटलं नाही, आणि तिनंही कधी सोडायला सांगितलं नाही. आमचे हे एसटीत ड्रायव्हर, आज इथं तर उद्या सोलापूर. म्हणजे घरात आम्ही दोघीच. बाई कशी होती म्हणता? ऊसतोडीच्या दिवसांत दोन माणसांचं काम एकटी उरकून वर संध्याकाळी गल्लीतली भांडणं मिटवणारी. पण त्या दिवाळीच्या आधी तिला अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता. तोंड सरळ झालं, हात हलायला लागला, डावा पाय मात्र मागं राहिला. फरफटायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. "रोज चालवा त्यांना. घरातल्या फरशीवर नाही, बाहेर, चढउताराच्या वाटेवर. नाहीतर हा पाय कायमचा गेला समजा. आणि पाय गेला की अशी माणसं अंथरूण धरतात."

मी किती विनवण्या केल्या! रोज म्हणायची, आत्या, चल, आपल्या वनोद्यानात फिरून येऊ. ती भिंतीकडं तोंड करायची.

"फिरायला? मी काय कलेक्टरीण हाय? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हे मलाही ठाऊक होतं. आमच्या गावात बाई शेतात भांगलायला बाहेर पडायची, दळणाला पडायची, मयताला पडायची. फिरायला म्हणून घराबाहेर पडलेली बाई कुणी बघितली नव्हती. एकदा मी तिला ओढून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं, तर कुणीतरी म्हणालंच, "काय, सासू-सुना हवा खायला का? मजा हाय बाबा!" आत्या तिथूनच वळली. त्यानंतर ती ओट्यावरून खाली उतरायची बंद झाली. दिवसादिवसानं तो पाय जड होत होता आणि मला ते डोळ्यांनी दिसत होतं. आतल्या आत जीव तुटायचा.

आणि तीच आत्या आता म्हणत होती, मला ने.

"आत्या, अगं पण ते देव..."

"देवाच्या मधी तोंड घालू नगंस," ती म्हणाली. "काठी दे माझी."

मी काठी दिली. करणार काय? दोन महिन्यांत पहिल्यांदा ती आपल्या तोंडानं बाहेर चल म्हणाली होती. त्या घडीला तिनं म्हटलं असतं, सारिका, तूच देव आहेस, तरी मी मान डोलावली असती.

वनोद्यानाच्या फाटकापाशी ही गर्दी! पहिल्या दगडावर फुलं, हळदकुंकू, कुणीतरी खडीसाखर ठेवलेली. बायका चपला फाटकाबाहेर काढून हात जोडून उभ्या. आत्या काठी टेकत, पाय ओढत पुढं गेली. दगडाकडं बघितलं. खाली वाकून जवळून बघितलं. मग उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"एकाच्याच पाया पडून चालत न्हाई. समदं करावं लागत्यात. वळसा पुरा झाला तरच पावतंय."

"तुला कुणी सांगितलं?" गर्दीतल्या फुलाबाईनं विचारलं.

"माझ्या माह्यारात हाईत असलं देव," आत्या बेधडक म्हणाली.

तिचं माहेर म्हणजे माझंही माहेर. तिथं असले कुठलेही देव नाहीत.

"आणि चपला घाला गं," आत्या म्हणाली. "काट्याकुट्याचं रान. ह्या देवाला चपला चालत्यात. नारळबिरळ फोडायचा न्हाई, उदबत्ती न्हाई, रानात जाळ चालत न्हाई. खाली पडलेलं एक फूल उचलायचं, ठेवायचं, पुढं चालायचं. झाडाचं तोडायचं न्हाई."

मला मनातून हसू फुटत होतं. हे सगळे नियम मी फाटकावरच्या पाटीवर लिहिले होते आणि वर्षभरात ते कुणीही वाचले नव्हते.

त्या दिवशी आत्या तिसऱ्या दगडापर्यंत गेली आणि घामाघूम होऊन खाली बसली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढं. रोज सकाळी बायका तिला हाक मारायच्या, "इंदुताई, येतीस न्हवं?" आणि ती तयारच असायची. चढावर शेवंताकाकू तिचा हात धरायची. उतारावर फुलाबाई पुढं चालायची, पडलीच तर अंगावर पडावी म्हणून. दर्शन झालं की बायका तळ्यापाशी टेकायच्या. मग कुणीतरी झोपाळ्यावर बसायचं, आधी जरा लाजत, इकडंतिकडं बघत. नंतर नंतर तर झोपाळ्यासाठी भांडणं लागायला लागली! पन्नाशीच्या पुढच्या बायका, नऊवारी आवरून उंच झोके घेतायत आणि खालून दुसऱ्या ओरडतायत, "उतर की गं भवाने, किती येळ!" एकदा मी गस्तीवरून आले तर मचाणावर फुगडी चाललेली. मचाण हालतंय, मी खालून बोंबलतेय, आणि वरून फुलाबाई म्हणते, "देवाचं हाय, पडत न्हाई!"

"खात्याचं आहे ते, पडतंय!" मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

एक हमीदाभाभी तेवढी आत यायची नाही. हमीदा म्हणजे आत्याची जन्माची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, भिंतीला भिंत लावून नांदल्या. तिचे गुडघे सुजलेले, तिलाही डॉक्टरनं चालायला सांगितलेलं. ती रोज आत्याबरोबर फाटकापर्यंत यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. "तुम्ही या जाऊन. मी बसते हितं," म्हणायची. आतून झोपाळ्यांवरचं हसणं तिला ऐकू येत असणारच. आत्या आत शिरताना दरवेळी एकदा मागं वळून बघायची.

होळी जवळ आली आणि एका सकाळी आत्यानं अख्खा वळसा पुरा केला. काठी होती, मधे दोनदा बसलीही. पण पुरा केला. घरी आल्यावर तिनं पाय पसरला आणि डाव्या पायाचा अंगठा माझ्यासमोर हलवून दाखवला. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि रडले.

आणि त्याच आठवड्यात दौलतअण्णानं विटा आणून टाकल्या.

दौलतअण्णा म्हणजे आमचे उपसरपंच. गावात काहीही चांगलं चाललं, की त्यावर आपलं नाव लागलं पाहिजे असा माणूस. पहिल्या दगडाशेजारी विटांचा ढीग, पत्रे, आणि झाडाला टांगलेला फलक. शेड बांधणार, कमिटी करणार, अध्यक्ष स्वतः.

"अण्णा, ही वनखात्याची जागा आहे," मी म्हणाले. "इथं वीट लावता येत नाही."

"ए पोरी, देवाला खातं नसतंय," अण्णा म्हणाले. "तुझी वर्दी गावाबाहेर. गावात तू इंदुमतीची सून."

दुसऱ्या दिवशी देशमाने साहेब जीप घेऊन हजर. विटा बघून त्यांचा चेहरा त्या रंगासारखाच झाला.

"हे काय चाललंय? वनजमिनीवर बांधकाम? सोमवारपर्यंत सगळे दगड निळे झाले पाहिजेत. नाहीतर पायवाट बंद, फाटकाला कुलूप, आणि तुमची बदली. कळलं?"

"साहेब, रंग तर..."

"रंग आमचाच होता, मला माहीत आहे!" साहेब चिडून म्हणाले, आणि मग जरा वरमून, "म्हणूनच म्हणतोय, लवकर उरका."

निळ्या रंगाचा डबा जीपमधून उतरवून ते गेले.

मी घरी आले आणि डबा समोर ठेवून बसले. दगड निळे केले तर देव गेले. देव गेले की बायका घरी बसणार, आत्याही बसणार, आणि आता कुठं उचलायला लागलेला तो पाय पुन्हा फरफटायला लागणार. नाही केले तर फाटकाला कुलूप. म्हणजे तेच. बदलीचं मला काही वाटत नव्हतं. पण आत्याला अंथरुणात बघायची माझी छाती नव्हती.

"काय गं, तोंड का असं?" आत्या भाकरी थापता थापता म्हणाली. हो, भाकरीही आता ती उभ्यानं थापायला लागली होती.

मी एका दमात बोलून टाकलं. "आत्या, ते देव नाहीत. मी रंगवलेले दगड आहेत. खात्याचा ऑइलपेंट आहे. पहिल्या दिवशीच सांगणार होते, पण तू चालायला लागलीस म्हणून गप्प बसले. आता शिव्या घाल, काय करायचं ते कर."

आत्यानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग जी हसायला लागली! पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना.

"अगं येडे, त्या राती मोरीत राकेलनं हात घासत होतीस. समदं घर घमघमत होतं. शेंदूर आन ऑइलपेंट मला कळत न्हाई व्हय?"

"मग तू... पाया पडत होतीस ते?"

"माझा देव देव्हाऱ्यात हाय. त्याला सकाळी सांगून निघायची, बाबा, जरा सांभाळून घे." तिनं भाकरी उलटली. "सारिका, मला चालायचं होतं गं. पडून ऱ्हायला कुणाला आवडतंय? पण फिरायला चालले असं म्हणायला तोंड न्हवतं. देवाला चालले म्हटलं की कोण आडवतंय? नवरा न्हाई, सासू न्हाई, भावकी न्हाई. म्हणून नियम पण मीच केलं. तुझ्याच पाटीवरचं."

"तू ती पाटी वाचलीस?"

"उगं साक्षरतेच्या वर्गाला गेले व्हय?"

आता आम्ही दोघीही हसत होतो. मग तिनं पदरानं डोळे पुसले. तव्याकडं बघत म्हणाली, "एकच खटकतंय. हमीदा भाईर बसती. माझ्या खोट्या देवानं माझी मैतरीण भाईर बसवली. हे काय बरं न्हाई."

"मग काय करायचं?"

"रंगाचा डबा उचलायचा," आत्या म्हणाली. "उद्या समद्यांच्या देखत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका जमल्या. विटांच्या ढिगावर दौलतअण्णा दोन पोरं घेऊन पाया खणायच्या तयारीत बसलेले. आत्या काठी टेकत पुढं आली, डब्यात ब्रश बुडवला आणि पहिल्या दगडावरची फुलं बाजूला करून सरळ निळा पट्टा ओढला.

एकच गलका झाला. अण्णा उडी मारून उठले.

"वयनी! देवाला रंग फासताय? डोकं ठिकाणावर हाय का?"

"फासायला त्यात देव असाय पायजे," आत्या शांतपणे म्हणाली आणि दुसरा पट्टा ओढला. "हा खुणेचा दगड हाय. माझ्या सुनंनं रंगवलाय. मला पयल्या दिसापासनं ठावं हाय."

आता या बायका आत्याला फाडून खाणार, गावात आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं मला वाटलं. शेवंताकाकू दोन पावलं पुढं आली.

"इंदुताई, तुला ठावं होतं?"

"होतं."

"आन इतकं दीस आमाला पाया पडाय लावलंस?"

"लावलं," आत्या म्हणाली. तिनं ब्रश डब्यावर ठेवला. "मला एकटीला चालायची लाज वाटत होती गं."

शेवंताकाकूनं तिच्याकडं रोखून बघितलं. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "मला पण ठावं होतं."

"काय?"

"ओला शेंदूर बोटाला लागला तो धा दीस निघना! असला शेंदूर असतोय व्हय कुठं? पण म्हटलं, बायका निघाल्यात, आपण कशाला बोला? घरात बसून तरी काय?"

"मी तर वास घेतला पयल्याच दिशी," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी बी!"

"माझा ल्योक पेंटर हाय, मला न्हाई कळणार?"

एकेक जण बोलायला लागली. प्रत्येकीला वाटत होतं, बाकीच्या खरं मानतायत, आपण कशाला मोडता घाला! सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग असा हशा उसळला, की तळ्यातली बदकं उडाली. फुलाबाई तेवढी मधोमध उभी, तोंड उघडं.

"मला न्हवतं गं बायांनो ठावं!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी तर नातवाच्या नोकरीसाठी सांगितलं होतं!"

"मग लागली का नोकरी?"

"लागली की!"

यावर दौलतअण्णांनी आशेनं मान वर केली. "बघा, बघा! पावला का न्हाई?"

"अण्णा, त्यो अभ्यास करून लागलाय," फुलाबाई एकदम फणकारली. "तुमी विटा उचला बघू. वाटंत येत्यात."

अण्णांनी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. एकही बाई त्यांच्या बाजूची नव्हती. पाया पडणारंच कुणी उरलं नाही, तर अध्यक्ष कशाचं व्हायचं? दुपारी ट्रॅक्टर येऊन विटा घेऊन गेला.

मग दिवसभर बायकांनीच दगड रंगवले. साड्यांवर निळे डाग, नाकाला निळे डाग. हमीदाभाभीनं फाटकाच्या आत पहिलं पाऊल टाकलं ते हातात ब्रश घेऊन. आत्या तिला एकेक जागा दाखवत होती, इथं जरा जपून, इथं चढ हाय, इथं बसायचं, जणू काही तिचंच रान होतं.

संध्याकाळी सगळ्या घरी गेल्या आणि मला खरी धास्ती लागली. आज झालं ते झालं. पण उद्या? उद्या कुठल्या तोंडानं निघणार या? हातात फूल नाही, कुंकवाची कुयरी नाही, सांगायला देव नाही. घरात नवरा विचारणार, कुठं चाललीस? काय सांगणार?

सकाळी मी वर्दी चढवली तेव्हा आत्या ओट्यावर उभी होती. गल्लीत कुणीच नव्हतं. तिनं कुणाची वाट बघितली नाही. उतरली आणि चालायला लागली, मी मागं. हमीदाभाभीच्या दारावर तिनं काठी आपटली, भाभी बाहेर आली. पुढच्या वळणावर शेवंताकाकू, पदर खोचून. मग फुलाबाई. मग आणखी दोघी, आणखी चौघी. सगळ्यांचे हात मोकळे. मोकळ्या हातांचं काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं. कुणी पदराशी चाळा करत होती, कुणी दुसरीचा हात धरला होता.

चावडीपुढच्या पारावर नेहमीची मंडळी बसली होती. शेवंताकाकूचे मालक, दौलतअण्णा, आणखी चारपाच जण, तंबाखू मळत. बायकांची रांग बघून त्यांचे हात थांबले.

"कुठं निघाला गं समद्या?" शेवंताकाकूच्या मालकांनी विचारलं. "आता देव तर गेलं."

शेवंताकाकूची मान खाली गेली. मागच्या दोघी थबकल्या. मला वाटलं, संपलं.

आत्या थांबली नाही. चालता चालताच तिनं मान वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"फिरायला!"

"फिरायला?" अण्णा हसले. "कामधंदा न्हाई वाटतं?"

"हाय की! आल्यावर करतो. तुमी बसलायसा न्हवं सकाळधरनं, तुमाला कोण इचारतंय?"

आधी हमीदाभाभी हसली. मग शेवंताकाकू, तीही नवऱ्यासमोर, तोंडावर पदर न घेता. मग सगळी रांग हसत सुटली आणि हसत हसतच फाटकातून आत शिरली. चढ लागला, बहाव्याचं वळण गेलं, तळं आलं. बोलणं सुरू झालं, झोपाळ्यावर आधी कोण यावरून भांडण जुंपलं, आणि हमीदाभाभी सगळ्यांना ढकलून पहिल्यांदा बसली.

रोज मी आत्याच्या मागून चालायची ती तिच्या डाव्या पायावर नजर ठेवून. त्या दिवशी तो फरफटला की उचलला, ते बघायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.